वरणभातावरची मांजर

“ही बाहेर जाते का? काही मारून खाते का? उंदीर, पक्षी, ससा?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

“नो,” दादा म्हणाले. “शी इज प्युअर व्हेजिटेरियन.”

मांजर स्टीलच्या टेबलावर आडवी पडली होती. कानाच्या आतली कातडी हळद चोळल्यासारखी पिवळी झाली होती. जबड्याखालची गाठ फुटून पू मानेच्या केसांत वाळला होता. तोंड अर्धवट उघडं होतं आणि जिभेच्या कडेला पांढरे व्रण दिसत होते. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. मी आयुष्यात पुष्कळ जनावरं मरताना पाहिली आहेत. ही त्याच वाटेवर होती.

दादांकडे बघूनही मला बरं वाटत नव्हतं. डोळे तांबडे झालेले, उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, आणि तो हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, काखेत कोंबडीचं अंडं ठेवल्यासारखा. डॉक्टरीणबाई मांजरीकडे बघत होत्या. दादांकडे अजून कोणी बघितलं नव्हतं.

हे दादा म्हणजे शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारे एकटे गृहस्थ. मी मुलीकडे राहते. दादांची बायको गेली तेव्हा मुलगी मला म्हणाली, “आई, तू दिवसभर टीव्हीतल्या बायकांशी भांडत बसतेस, त्यापेक्षा काकांकडे जाऊन चार पोळ्या लाटून येत जा.” इथे सगळे त्यांना काकाच म्हणत. माझ्याहून लहान माणसाला मी काका कुठून म्हणणार? मी दादा म्हणायला लागले. ते मला बाई म्हणत.

सकाळी मी पोचले की ते चहा घेऊन खिडकीशी बसलेले असत. माझी चप्पल निघायच्या आत सुरू करत, “बाई, काल रात्री काय झालं ऐका.”

झालेलं काहीच नसे. स्वप्न पडलेलं असे. त्यांच्या जुन्या ऑफिसातला अमेरिकन साहेब धोतर नेसून यांच्या शेगडीवर वांगी भाजत होता. नागपूरच्या घराच्या विहिरीतून शिकागोची गाडी निघाली आणि तिकीट तपासायला यांच्या शाळेतले मास्तर आले. हे सगळं ते इतक्या सरळ तोंडाने सांगत की कणीक मळता मळता मलाही वाटे, झालं असेल. मी विचारायची, “मग वांगी नीट भाजली का?” ते जरा आठवून सांगत, “एका बाजूने कच्ची राहिली.”

आणि जे खरोखर घडे, पण त्यांना नको असे, त्याबद्दल म्हणत, “बाई, ते तुम्ही स्वप्नात पाहिलं असेल.” दूध उतू जाऊन शेगडीभर झालं, मी फडकं घेऊन पुसते आहे, तरी हेच.

त्यांच्या घरामागे मोठी जागा होती. शेजारपाजारच्या लोकांचं लॉन गालिच्यासारखं कापलेलं. दादांनी बायको गेल्यापासून मशीन बाहेर काढलंच नाही. गवत कमरेपर्यंत आलं. जूनच्या संध्याकाळी इथे उजेड जाता जात नाही, आणि त्या उजेडात ते गवत पाण्यासारखं हलायचं. मधूनच एखादा ससा कान उभे करून बसलेला दिसे, दगडासारखा स्थिर. डोळे मिटून उघडावेत तर नाहीसा. मग काजवे यायचे. मी काही कविता करणारी बाई नाही, पण मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, भाजी निवडत बसले की हातातली शेंग हातातच राहायची आणि आपण कुठल्या देशात आहोत हे क्षणभर आठवायचं नाही.

एकदा सोसायटीची एक गोरी बाई तक्रार घेऊन आली. गवत कापा म्हणाली. दादांनी तिला खुर्ची दिली, आलं घातलेला चहा दिला आणि गवताकडे तोंड करून बसवलं. बाई काजवे येईपर्यंत बसली. जाताना थँक यू म्हणाली. पुढच्या आठवड्यात तक्रार आलीच. पण बसली खरी.

आता हा गरीब, गोड माणूस पूर्वी तसा नव्हता. मुलीने मला सांगितलं होतं. रागीट म्हणून साऱ्या मराठी मंडळात नाव होतं त्यांचं. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. बायको भिंत पुसायची आणि शांतपणे म्हणायची, “स्वभावाला औषध नाही.” आयुष्यभर तिने त्यांना हे एकच वाक्य ऐकवलं आणि एक दिवस झोपेतच गेली. त्यानंतर दादांनी आवाज चढवलेला कोणी ऐकला नाही. त्यांनी एक युक्ती काढली होती. राग आला की तांब्याच्या पेल्यातून पाण्याचा मोठा घोट घ्यायचा आणि तो तोंडात धरून ठेवायचा. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलणार कसा? गाल फुगवून खिडकीशी उभे राहायचे. राग उतरला की पाणी गिळायचे आणि म्हणायचे, “हं, बोला बाई.”

मला त्यात हसू यायचं. पहिल्या दिवशी मी वरणात गूळ घालायला विसरले तेव्हा ते असेच गाल फुगवून उभे राहिले. मला वाटलं दाढ दुखते आहे. लवंग देऊ केली.

पण बदललेला माणूस कोणाला दाखवणार? जिला दाखवायचा ती तर गेली होती. मला वाटतं, मांजर तिथूनच आली.

म्हणजे आली ती आपल्या पायाने, थंडीत, गराजच्या दाराशी. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, एक कान फाटलेला. दादांनी तिचं नाव ठेवलं ताईसाहेब. तिच्याशी अहोजाहो करत. “ताईसाहेब, बसता का? ताईसाहेब, आपण जेवलात का?” आणि जेवायला काय? वरणभात, वर तूप. कधी ताकभात. कधी उकडलेला लाल भोपळा. दुकानातलं मांजरीचं खाणं त्यांनी घरात येऊ दिलं नाही.

“दादा, मांजराची जात आहे,” मी म्हटलं. “भोपळ्यावर कशी जगेल?”

“संगतीने स्वभाव बदलतो, बाई. कोणी काही म्हणो.”

“तिला विचारलंत का?”

त्यांनी पेला उचलला. मी पोळ्या लाटायला वळले.

ताईसाहेब भात खायच्या, हे मात्र खरं. तूप आधी चाटून घ्यायच्या, मग वर वर थोडा भात. शनिवार-रविवारी लोक मुद्दाम बघायला यायचे. एकदा शेजारच्या मालवणी बाईंनी पैज लावली आणि तळलेला बांगडा बशीत घालून तिच्यापुढे ठेवला. ताईसाहेबांनी वास घेतला, पाठ फिरवली आणि सोफ्यावर जाऊन झोपल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“बघा!” दादांचे डोळे भरून आले. “म्हणे स्वभावाला औषध नाही!”

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. त्याच दिवशी सकाळी ताईसाहेबांनी डेकच्या पायरीवर खारीएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा प्राणी शेपटीसकट फस्त केलेला मी बघितला होता. पोट भरलेल्या मांजरीपुढे बांगडा काय आणि दगड काय. लोक गेल्यावर मी दादांना तसं सांगितलं.

“बाई,” ते मायेने म्हणाले, “ते तुम्ही स्वप्नात पाहिलं असेल.”

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला. गवतात ससे पुष्कळ झाले, आणि मग एकेक सुस्त दिसायला लागले. माणूस जवळ गेला तरी पळेनात. एक तर कुंपणाशी मरूनच पडला होता. ताईसाहेबांना शिकार करायचे कष्टही उरले नव्हते. मी डेकखाली वाकून बघितलं तर सशाचे केस, पांढऱ्या कापसासारखे, आणि एक पाय. मी खोऱ्याने उचलून कचऱ्यात टाकला, हात धुतले. दादांना सांगितलं. उत्तर काय मिळालं असेल ते सांगायला नको.

थोड्याच दिवसांत ताईसाहेब जेवेनाशा झाल्या. तूपसुद्धा चाटेनात. कपाटाच्या मागे जाऊन बसल्या. अंग तापलेलं, जबड्याखाली सुपारीएवढी गाठ. दादा तिला टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मी बरोबर नव्हते. बाईंनी तेव्हाही बाहेर जाते का म्हणून विचारलं होतं. दादांनी सांगितलं, घरातच असते, वरणभात खाते. मग बाईंना वाटलं दाताचं काहीतरी असेल, आत पू झाला असेल. त्यांनी नेहमीचं औषध दिलं, गोळ्या.

मांजरीला गोळी देणं म्हणजे काय ते ज्याने दिली आहे त्याला माहीत. मी तिला टॉवेलात गुंडाळून धरायची आणि दादा तोंड उघडायचे. “ताईसाहेब, कृपा करा, एवढी घ्या.” ताईसाहेबांनी कृपा केली नाही. अंगठ्यात दात रुतवले ते हाडापर्यंत. दादांनी ओरडायच्या ऐवजी पेला शोधला.

गोळ्यांनी काही फरक पडला नाही. गाठ वाढली, फुटली. इकडे दादांचा अंगठा सुजला, चाव्याच्या जागी खड्डा पडून त्यावर काळी खपली धरली. मग त्यांना थंडी वाजून ताप यायला लागला. मी म्हटलं, “दादा, तुम्ही आधी तुमच्या डॉक्टरकडे चला.” ते म्हणाले, “हवा बदलली आहे.” मी म्हटलं, “हवा तुमच्या काखेत गाठ आणते का?” ते म्हणाले, “आधी ताईसाहेब.”

म्हणून आम्ही त्या दिवशी दुपारी निघालो. मला गाडी येत नाही, मुलगी ऑफिसात. दादाच चालवत होते. मला ती वाट अजून अधूनमधून झोपेत दिसते. दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, रस्त्यावर हिरवा उजेड, गाडी अगदी हळू, बैलगाडीसारखी. हिरव्या दिव्याला दादा थांबले. मागची माणसं हॉर्न वाजवायला लागली. दादा म्हणाले, “ऐकलंत बाई? सनई.” मी म्हटलं, “सनई नाही, लोक शिव्या देताहेत. चला.” मांडीवर टोपली, टोपलीत मांजर, तिची धग मला लुगड्यातून लागत होती. त्या वेळी मला आम्ही तिघं पाण्याखालून चाललो आहोत असं वाटलं. मला ताप नव्हता, तरीही वाटलं.

आणि आता डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आणि दादा नो म्हणत होते.

चौथीपुढे मी शाळा पाहिली नाही. इंग्रजी ऐकून ऐकून मला कळतं, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. तरी मी पुढे झाले.

“डॉक्टर,” मी म्हटलं. “कॅट ईट बनी.”

बाईंनी मान वर केली. “काय?”

मी दोन्ही हातांची बोटं डोक्यावर कानांसारखी उभी केली आणि तिथेच एक उडी मारली. या वयात. “बनी. मेनी बनी. सिक बनी. कॅट ईट.”

“बाई!” दादा मराठीत ओरडले. किती वर्षांनी त्यांचा आवाज चढला होता कोण जाणे. “खोटं काय सांगता!”

“खोटं मी नाही, तुम्ही बोलताय. मरेल ती. आणि तुम्हीही मराल, काखेत गाठ घेऊन.”

दादांनी इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र होतं. त्यांनी कागदी पेला भरला, एक घोट घेतला आणि गाल फुगवून उभे राहिले.

“सर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या म्हणतात ते खरं आहे का? मला आत्ता कळायला हवं.”

दादा बोलेनात. बाईंना काय माहीत तोंडात पाणी आहे ते. त्या वाट बघत राहिल्या. मांजरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. भिंतीवरच्या काचेच्या पेटीत मासे फिरत होते, त्यांची निळी सावली दादांच्या तोंडावर हलत होती. ते इतका वेळ तसे उभे राहिले की मला वाटलं, हा माणूस उभ्या उभ्या झोपला.

मग त्यांनी पाणी गिळलं.

“येस,” ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू, “डेकखाली मला दोन कान सापडले होते, बाई. मी ते टोमॅटोच्या वाफ्यात पुरले. तुम्ही बघू नये म्हणून.”

म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं.

डॉक्टरीणबाई खोलीच्या बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर मास्क, हातात दुहेरी हातमोजे, अंगावर कागदी झगा होता. आम्हाला टेबलापासून लांब उभं केलं. म्हणाल्या, मला टुलारेमियाची शंका येते. सशाचा ताप म्हणा. आजारी ससा किंवा उंदीर खाऊन मांजरीला होतो, गोचिडीनेही होतो, आणि मांजर चावली की माणसाला. ताप, जबड्याखाली गाठी, तोंडात व्रण, कावीळ, सगळं जुळतं. आधी दिलेल्या गोळ्यांना हा जंतू जुमानत नाही. रक्ताचा निकाल यायला वेळ लागेल, तोवर थांबून चालणार नाही, दुसरं औषध आजच सुरू करते. रक्त पाठवताना त्यांनी लॅबवाल्यांना फोन करून बजावलं, जपून उघडा. सरकारी आरोग्य खात्यालाही कळवायला लागेल म्हणाल्या.

“वाचेल का?” दादांनी विचारलं.

“फार पुढे गेलं आहे. तिला त्रास न होता कायमचं झोपवता येईल, तोही एक मार्ग आहे. आधी कळलं असतं तर...” बाईंनी वाक्य सोडून दिलं.

“औषध द्या,” दादा म्हणाले.

मग बाईंनी त्यांच्या अंगठ्यावरची चिंधी सोडायला लावली. खपली बघितली, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. “तुम्ही आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा. तिथे काय सांगणार, मला म्हणून दाखवा.”

दादा चिंधी पुन्हा गुंडाळायला लागले.

“म्हणून दाखवा, सर.”

“माझ्या मांजरीने ससा खाल्ला,” दादा इंग्रजीत म्हणाले. “आणि ती मला चावली.” शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

बाईंच्या माणसांनी मुलीला फोन केला. ती ऑफिसातून धावत आली आणि आम्हाला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. वाटेभर ती मला रागावत होती. “आई, तू त्यांना ड्राइव्ह कसं करू दिलंस? काकांना एवढा ताप आहे!” मी म्हटलं, “मी बैलाचा कासरा धरू शकते, गाडीचा नाही.” दादा मागच्या सीटवर हसले. मग त्यांना भान राहिलं नाही.

हॉस्पिटलात मात्र भान होतं. तिथल्या डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तेव्हा दादांनी, मुलीने तोंड उघडायच्या आत, ससा आणि चावा दोन्ही सांगितलं. स्पष्ट, मोठ्याने. डॉक्टरांनी लगेच शिरेतून औषध सुरू केलं. मी मांजरीला धरत होते म्हणून मलाही गोळ्या दिल्या आणि ताप मोजत जा म्हणाले.

पुढचे दिवस दादा तापातच होते. त्यांच्या फुफ्फुसापर्यंत गेलं होतं ते. मी दुपारी जाऊन बसायची. खिडकीबाहेर पार्किंग आणि त्यापलीकडे मोकळं गवत. दादा डोळे मिटून बोलत असायचे. पलंगाखालून गवत उगवलं आहे, बाई, पाय वर घ्या. ससे बसले आहेत पंगतीला. ही वाढते आहे. ही म्हणजे त्यांची बायको. मी विचारायची, काय वाढते आहे? ते म्हणायचे, दिसत नाही, वाफ फार आहे. त्या खोलीत यंत्राचा एकसारखा बारीक आवाज येई. मलाही गुंगी यायची, आणि डोळे मिटले की मीसुद्धा त्या पंगतीत कुठेतरी पान मांडून बसलेली असायची. परसातलं गवत, वाफ, भाताचा वास. जागी व्हायची तेव्हा मान अवघडलेली.

तिकडे डॉक्टरीणबाईंनी ताईसाहेबांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. सलाईन, सुया, कोणी जवळ गेलं तर मास्क घालूनच. मुलगी रोज फोन करायची. एकदा बातमी चांगली आली, ताप उतरला, थोडं मांसाचं पाणी चाटलं. पण काविळीने लिव्हर आधीच गेलं होतं.

एक दिवस दादांचा ताप गेला. मी गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, डोळे स्वच्छ. स्वप्न सांगितलं नाही. सरळ विचारलं, “ताईसाहेब?”

“गेली,” मी म्हटलं. “काल.”

ते खिडकीकडे बघत राहिले. पलंगाशेजारी पाण्याचा पेला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. म्हणाले, “ही म्हणायची तेच खरं, बाई. स्वभावाला औषध नाही.”

“तिला कसलं औषध हवं होतं, दादा?” मी म्हटलं. “मांजर होती ती. मांजरीसारखी वागली.”

“मी सांगितलं असतं तर जगली असती.”

“कदाचित.”

त्यांनी मान हलवली. मी डब्यातून मऊ भात आणला होता, तो ताटलीत वाढला. ते हळूहळू जेवले.

मला काही झालं नाही. दादा वाचले. मांजर वाचली नाही.